थोडं जास्त चालेल का?

‘ऑनसाइट’ गेलेली मंडळी फोटो टाकतात ते टॉवरचे, कॅसलचे, फार तर बर्फाचे. कोथिंबिरीच्या जुडीचा फोटो कुणी टाकत नाही. पण स्टुटगार्टमधल्या दोन वर्षांत मी सगळ्यात जास्त फिरले ते किराणा दुकानांत आणि मंडईत. त्या भटकंतीची ही गोष्ट.

शनिवार, रात्रीचे नऊ चाळीस. आम्ही दोघं सुपरमार्केटमध्ये अक्षरशः पळतोय. नवऱ्याच्या हातात दुधाची दोन खोकी, माझ्या हातात कांद्याची जाळी. ‘‘अगं, अंडी!’’ तो ओरडतो. ‘‘अंडी राहू दे, आधी ब्रेड घे!’’ मी ओरडते. दहा वाजता दुकान बंद होणार आणि थेट सोमवारी सकाळी उघडणार. आजूबाजूला बघितलं, तर अर्धं स्टुटगार्ट आमच्यासारखंच पळतंय. उद्या कर्फ्यू लागणार असल्यासारखं!

भानगड अशी, की जर्मनीत रविवारी दुकानं बंद. आपल्याकडे लक्ष्मी रोड सोमवारी बंद असतो तसं ‘बहुतेक’ बंद नाही. चांगलं कायद्याने बंद. १९१९ च्या वायमार राज्यघटनेने रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून राखून ठेवला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या सध्याच्या घटनेतही ते कलम जसंच्या तसं ठेवलंय. रेल्वे स्टेशन, विमानतळ आणि पेट्रोल पंपावरच्या दुकानांना सूट आहे. बेकऱ्या सकाळी काही तास उघडतात. बाकी सगळं सामसूम.

हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही इथे उतरलो तो नेमका शनिवार होता, तोही संध्याकाळचा. बॅगा टाकल्या आणि झोपलो. रविवारी सकाळी मी कापडी पिशवी घेऊन मोठ्या उत्साहात भाजी आणायला निघाले. तासभर चालून परत आले ते पेट्रोल पंपावरचा ब्रेड घेऊन. परदेशातला आमचा पहिला ब्रंच म्हणजे तो ब्रेड आणि आईने बॅगेच्या कोपऱ्यात कोंबलेली शेंगदाण्याची चटणी. (तोच ब्रेड सोमवारी सुपरमार्केटमध्ये निम्म्या किमतीत दिसला. असो.)

चाकणहून स्टुटगार्टला येणं यात आता कुणाला नवल वाटत नाही. गॉटलीब डाइमलरने इथल्याच बाड कानश्टाटमध्ये आपलं इंजिन जमवलं, बॉशची सुरुवात १८८६ मध्ये याच शहरात झाली, आणि मुंबई तर १९६८ पासून स्टुटगार्टची ‘सिस्टर सिटी’. नवऱ्याला कंपनीने पाठवलं, मी बरोबर आले. पुण्यात पाच वर्षं मी फीचर्स लिहीत होते. रिक्षावाल्यापासून कुलगुरूंपर्यंत कुणालाही बोलतं करायचं, हा माझा धंदा. इथे माझ्याकडे ए-वन लेव्हलचं जर्मन होतं. म्हणजे ‘माझं नाव अमुक, मला सफरचंद आवडतं’ इतपत. त्यामुळे सफरचंदाच्या दुकानात तरी आपलं निभावेल, असं वाटलं होतं!

नाणं घाला, ट्रॉली घ्या

पहिला धडा ट्रॉलीचा. सगळ्या ट्रॉल्या एकमेकींना साखळीने बांधलेल्या. खाचेत पन्नास सेंट किंवा एक-दोन युरोचं नाणं घातलं की साखळी सुटते, ट्रॉली जागेवर लावली की नाणं परत. एक युरोसाठी कोट-टायवाला माणूसही पार्किंगच्या टोकापासून ट्रॉली ढकलत आणतो. आपल्या मॉल्सनी हे लगेच उचलावं असं माझं प्रामाणिक मत आहे.

दुसरा धडा रद्दीवाल्याचा. प्लॅस्टिकची बाटली किंवा कॅन घेतलात की बिलात पंचवीस सेंट जास्त लागतात. याला म्हणतात ‘फांड’, म्हणजे अनामत रक्कम. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनच्या तोंडात घातली की पैसे परत. काचेच्या बिअरच्या बाटलीचे आठ सेंट. २००३ पासून ही पंचवीस सेंटांची पद्धत आहे. सोमवारी सकाळी त्या मशीनपुढे रांग लागते, आणि रांगेतल्या पिशव्यांवरून कुणाचा वीकएण्ड कसा गेला ते कळतं.

तिसरा धडा कॅश काउंटरचा. आणि इथे माझी विकेट पडली.

जर्मनीतली स्वस्त दुकानं म्हणजे डिस्काउंटर्स. आल्डी हे त्यातलं सगळ्यात जुनं नाव. एसेनमधल्या आईच्या छोट्याशा किराणा दुकानातून कार्ल आणि थिओ आल्ब्रेख्ट या भावांनी हे साम्राज्य उभं केलं. १९६१ च्या सुमाराला भावांच्या वाटण्या झाल्या. काउंटरवर सिगारेटी विकायच्या की नाही यावरून बिनसलं, असं सांगतात. आपल्याकडच्या भाऊबंदकीला अगदी शोभेल असं कारण! तेव्हापासून उत्तरेची आल्डी वेगळी, दक्षिणेची वेगळी. स्टुटगार्ट दक्षिणेत येतं. लिडलचं मुख्यालयही इथून जवळच, नेकारझुल्म नावाच्या गावी. या दुकानांचा फंडा सोपा: माल खोक्यातच मांडायचा, एका वस्तूचे दहा ब्रँड ठेवायचे नाहीत, आणि काउंटरवर एक सेकंद वाया घालवायचा नाही. म्हणून पाकिटावर बारकोड दोन-तीन बाजूंना, चांगले लांबलचक छापतात. कॅशियर खुर्चीत बसून वस्तू नुसत्या भिरकावत जाते... पीप, पीप, पीप! पिशवीत भरायचं काम तुमचं. मागच्याचं सामान आणि तुमचं सामान यांच्यामध्ये एक काठी ठेवायची. ती ठेवायला विसरलात तर मागचा माणूस मोठा उसासा टाकून स्वतः ठेवतो. तो उसासा न शिकताही कळतो.

एका दुकानात (नाव नको) भाजी आपणच वजन करून, मशीनमधून निघालेलं स्टिकर पिशवीला लावायचं असतं. काही दुकानांत हे काउंटरवर करतात, काही ठिकाणी आपण. मला हा फरक माहीत नव्हता. टोमॅटो, कोबी, फरसबी सगळं बिनास्टिकरचं काउंटरवर ठेवलं. कॅशियरने काहीतरी विचारलं. मी म्हटलं, ‘‘या.’’ म्हणजे हो. तिने परत विचारलं. मी परत ‘‘या.’’ तिसऱ्यांदा तिने तेच मोठ्या आवाजात विचारलं. आवाज वाढवला की भाषा समजते हा गैरसमज जगभर सारखाच असावा. मागे सात-आठ माणसं. कुणीतरी काहीतरी बोललं, कुणीतरी हसलं. ते माझ्यावरच हसले असतील असं नाही. पण मी सगळं सामान तिथेच सोडलं आणि बाहेर पडले.

ट्रामच्या स्टॉपवर बसले आणि चक्क रडले. निम्मं रडणं ट्रॉलीत अडकलेल्या माझ्या युरोसाठी होतं, असं मी नवऱ्याला सांगितलं. त्या रात्री मी हिशेब केला. त्या आठवड्यात नवरा आणि फोनवरची आई सोडून मी जगाशी किती शब्द बोलले होते? ‘हालो’, ‘कार्टे’, ‘डांके’. नमस्कार, कार्ड, धन्यवाद. तीन. आणि ज्या डिस्काउंटरवर मी इतकी खूश होते, तिथे हे तीन शब्दही न बोलता महिनोन्‌महिने जगता येतं, हे तेव्हाच लक्षात आलं.

पोहे जरा युरोपियन लागतायत...

त्यानंतरचे काही आठवडे मी फक्त इंडियन स्टोअरमध्ये जायची. तिथे सगळं मिळतं. तूरडाळ, गोडा मसाला, चितळ्यांची बाकरवडी, विमानाने आलेली भेंडी. बोलायलाही हिंदी. पण त्या भेंडीचा किलोचा भाव मनातल्या मनात रुपयांत केला की घास घशाखाली उतरत नाही. महिनाअखेरीला नवऱ्याने एक्सेल शीट दाखवली. (हो, किराण्याची एक्सेल शीट. इंजिनिअरशी लग्न केलं की हे भोगावं लागतं.) मग काय, आलिया भोगासी! बाहेर पडणं आलं.

सुरुवात कोथिंबिरीपासून केली. सुपरमार्केटमध्ये हिरवीगार जुडी दिसली, हर्षवायू झाला. घरी येऊन पोह्यांवर भुरभुरली. नवरा पहिला घास खाऊन म्हणाला, ‘‘आज पोहे जरा... युरोपियन लागतायत.’’ ती पेटरझिली होती, म्हणजे पार्सली. दिसायला कोथिंबिरीची जुळी बहीण, वासाला परकी. आता मी पान चुरगाळून वास घेतल्याशिवाय जुडी उचलत नाही.

खरी कोथिंबीर सापडली ती दोन स्टॉप पलीकडे, तुर्की दुकानात. मुळांसकट, ओली, भरघोस! तिथे पाऊल टाकलं आणि मला मार्केट यार्डात आल्यासारखं वाटलं. दारात कलिंगडांचा ढीग, मिरच्यांचे तीन प्रकार, मेथीसारखी वाटणारी पण मेथी नसलेली एक पालेभाजी, पाच-पाच किलोंची तांदळाची पोती. आणि ‘किरमिझी मर्जिमेक’ नावाने विकली जाणारी लाल डाळ, म्हणजे आपली मसूरडाळ. तुर्की लोक तिचं सूप करतात, वर लिंबू पिळतात आणि तिखट घातलेलं गरम लोणी ओततात. फोडणीच की ती, फक्त मोहरी राहिली!

ही दुकानं इथे कशी आली, याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. युद्धानंतर कारखान्यांना माणसं कमी पडायला लागली. पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी करार केला, १९६० मध्ये ग्रीस आणि स्पेनशी, आणि ३० ऑक्टोबर १९६१ ला तुर्कस्तानशी. नाव दिलं ‘गास्टआर्बायटर’, पाहुणे कामगार. पाहुणे काही वर्षांनी परत जातील, असा सगळ्यांचाच समज होता. पाहुण्यांचाही. पण बायका-मुलं आली, मग वांगी, भेंडी, चीज आणि ऑलिव्हसुद्धा आली. आज जर्मन गृहिणी ज्या वांग्यांचं भरीत करून ब्रेडला लावते, ती वांगी इथे रुळवण्यात या दुकानांचा वाटा मोठा आहे.

दुकानातले म्हातारे काका लहानपणी वडिलांबरोबर इथे आले. मी एकदा वांग्याला ‘डेर’ लावायचं की ‘डी’, यात अडकून उभी होते. जर्मनमध्ये प्रत्येक वस्तूला लिंग असतं. मराठीतही असतं म्हणा, पण इथे मुलगी नपुंसकलिंगी आहे, तेव्हा तर्काला सुट्टीच. काका हसले आणि म्हणाले, ‘‘डेर, डी, डास, कशाला डोकं शिणवतेस? पटकन ‘दे’ म्हण. इतकी वर्षं मी तेच करतोय. वांगी मिळतात की!’’

माझ्या क्लासच्या बाईंना हे सांगितलं तर त्या बेशुद्ध पडतील. पण त्या दिवसापासून मी बोलायला लागले. सगळ्याला ‘दे’! दे वांगी, दे टोमॅटो, दे काका कसे आहात?

मैद्याला नंबर, दह्याला भाऊ

जीभ सुटली तशी नजरही सुटली. आता मी रोजच्या सुपरमार्केटमध्येही पाकिटं वाचायला लागले. जर्मन पिठाच्या पाकिटावर नंबर असतो. ४०५, ५५०, १०५०. मला आधी वाटलं, किंमत किंवा कोड असेल. तर शंभर ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख, म्हणजे खनिजं, उरतात त्याचा तो आकडा! नंबर जितका मोठा तितका कोंडा जास्त. ४०५ म्हणजे आपला मैदा. पूर्ण गव्हाच्या पिठाला नंबरच नसतो, नुसतं ‘फोलकोर्न’ लिहितात. कितीतरी पोळ्यांचे नकाशे लाटल्यावर माझं सूत्र बसलं: निम्मं १०५०, निम्मं ५५०, पाणी कोमट, अर्धा तास भिजवायचं. इथे ओळखीच्या प्रत्येक मराठी घराचं सूत्र वेगळं आहे आणि प्रत्येकीला आपलंच बरोबर वाटतं. गणपतीत आम्ही भेटलो की उकडीनंतर चर्चेचा विषय हाच.

दह्याच्या फ्रीजमध्ये ‘क्वार्क’ नावाचा प्रकार असतो. जर्मन लोक तो ब्रेडला लावतात, केकमध्ये घालतात, उकडलेल्या बटाट्याबरोबर खातात. मी घरी आणून चमच्याने चाखला आणि ओरडलेच. अहो, चक्का! जवळजवळ तयार चक्का, अर्ध्या किलोच्या डब्यात! चाळीस टक्के फॅटवाला आणायचा, रात्रभर फडक्यात टांगायचा, साखर फेटायची, वेलची-केशर. गुढीपाडव्याला दोन डब्यांचं श्रीखंड वीस मिनिटांत. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, ‘‘मी इकडे दोन दिवस दही लावतेय, टांगतेय, आणि तू फ्रीजमधून काढतेस! फसवणूक आहे ही.’’

अशी फसवणूक पुढे बरीच सापडली. इथली कोलराबी म्हणजे आपला नवलकोल. पुण्यात कुणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, इथे शाळेच्या डब्यात त्याच्या कच्च्या फोडी असतात. ‘ग्रीस’ म्हणजे रवा. ‘बुटरमिल्श’ म्हणजे ताक, त्याची कढी झकास होते. आणि ‘डिल’ म्हणजे, सांगायला नको, शेपू! ज्या शेपूच्या वासाने मी लहानपणी डबा बंद करायचे, त्या शेपूची चिमूटभर जुडी प्लॅस्टिकच्या पेटीत सव्वादोन युरोला बघून मला भरून आलं. माणूस कशाने हळवा होईल, काही सांगता येत नाही.

मंडई, पण हात लावायचा नाही!

स्टुटगार्टची मार्क्टहाले, म्हणजे बंदिस्त मंडई, १९१४ ची. मार्टिन एल्झेसर या वास्तुविशारदाने बांधलेली, वरून काचेच्या छपरातून उजेड झिरपतो. आपली पुण्याची मंडई १८८६ ची, म्हणजे वयाने मोठी. पण ही म्हातारी जास्त नटलेली. इटालियन चीज, स्पॅनिश हॅम, इराणी सुका मेवा, आणि दागिन्यांसारखी मांडलेली फळं. भावही दागिन्यांचे. इथे फोटो काढावेत, कॉफी प्यावी आणि बाहेर पडावं, असा माझा सल्ला. कारण बाहेर, दोन मिनिटांवर, मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी शेतकऱ्यांचा खुला बाजार भरतो. हा ‘वोखनमार्क्ट’. खरी मजा तिथे.

पहिल्या दिवशी मी सवयीने एक टोमॅटो दाबून बघितला. ‘‘निश्ट आनफासेन!’’ लाल एप्रनवाल्या आजी गरजल्या. हात लावायचा नाही! इथे तुम्ही सांगायचं आणि विक्रेत्याने निवडून द्यायचं. पैसेही बहुतेक ठिकाणी रोख, यूपीआयला सोकावलेल्या आपल्या पिढीने सुटे घेऊन जावं. मी घाबरून ‘सॉरी’ म्हणाले आणि पळणार, तेवढ्यात आजींनी विचारलं, ‘‘आज की उद्या?’’ टोमॅटो आज खाणार की उद्या? आजचा असेल तर पिकलेला देणार, उद्याचा असेल तर जरा कडक. मी दाबून जे बघत होते, ते त्या मला विचारत होत्या. मी म्हटलं, ‘‘आज. सूप.’’ सार हा शब्द जर्मनमध्ये कुठून आणणार? त्यांनी पिकलेले निवडले. आणि तराजूकडे बघत म्हणाल्या, ‘‘डर्फ्स अ बिसले मे साय?’’

मला वाटलं, माझ्या क्लासचे पैसे बुडाले. एक शब्द कळला नाही. नंतर कळलं, हे श्वाबिश. स्टुटगार्टच्या आसपासची बोली. क्लासमध्ये शिकवतात ते पुस्तकी जर्मन म्हणजे सदाशिव पेठ समजा, तर ही थेट मालवणी! क्लासमध्ये पाव म्हणजे ‘ब्रोटशेन’, इथे ‘वेकले’. पुस्तकात बटाटा म्हणजे ‘कार्टोफेल’, जुन्या माणसांच्या तोंडी ‘ग्रोम्बिरा’. आणि सगळ्याच्या शेवटी लाडाने ‘ले’ लावायचं, आपण ‘पिशवी’ची ‘पिशवुली’ करावी तसं. त्या वाक्याचा अर्थ होता, ‘थोडं जास्त चालेल का?’ म्हणजे काटा अर्ध्या किलोच्या जरा पुढे गेलाय, चालेल ना?

आपल्या मंडईतली भाजीवाली असं विचारत नाही. ती सरळ मूठभर मिरच्या आणि कढीलिंबाची काडी वर टाकते, आणि ती फुकट असते. इथे ‘थोडं जास्त’चे पैसे लागतात. श्वाब मंडळी काटकसरीसाठी जर्मनीभर प्रसिद्ध आहेत. त्यांच्यावरचे विनोद ऐकले तर पुणेकरांना एकदम घरच्यासारखं वाटेल.

मी दर शनिवारी त्या आजींकडे जायला लागले. हेच माझं ट्युशन! एक आठवड्याचा एक शब्द. आजींनी मला ऋतू शिकवले. एप्रिल ते २४ जून पांढरा श्पार्गेल, म्हणजे शतावरीच्या कुळातले जाडजूड कोंब. त्यापुढे काढणी बंद, रोपांना विश्रांती. त्या काळात सगळा देश श्पार्गेलने वेडा होतो. (माझं मत विचाराल तर शेवग्याची शेंग बरी.) मग स्ट्रॉबेरी, मग चेरी, आणि शरद ऋतूत श्पिट्झक्राउट, म्हणजे टोपीसारखा टोकदार कोबी. तो विमानतळाभोवतीच्या फिल्डर पठारावर पिकतो. पानं पातळ आणि गोडसर. मटार घालून त्याची भाजी केली तर पाच मिनिटांत शिजते.

मसुरीचा पासपोर्ट

एका शनिवारी आजींच्या शेजारच्या ठेल्यावर कापडी पिशव्यांत मसूर दिसली. अख्खी, बारीक, करडी-हिरवी. मी मोठ्या थाटात म्हटलं, ‘‘ही आमची!’’ ठेलेवाला म्हणाला, ‘‘छे, ही आमची.’’

आणि त्याचं बरोबर होतं! स्टुटगार्टच्या दक्षिणेला श्वेबिश आल्ब नावाचा दगडाळ, गरीब जमिनीचा डोंगराळ भाग आहे. तिथे पूर्वापार मसूर पिकायची. ती एकटी उभी राहू शकत नाही म्हणून तिच्याबरोबर ओट किंवा बार्ली पेरतात, तिच्या आधाराने वेल चढतो, आणि कापणीनंतर दोन्ही धान्यं निवडून वेगळी करतात. आपल्याकडे ज्वारीत तूर घेतात, त्याच घरातला प्रकार. पण हे निवडणं फार कष्टाचं. युद्धानंतर स्वस्त मसूर बाहेरून यायला लागली, इथली पेरणी थांबली, आणि बियाणंही हरवलं. १९८५ च्या सुमारास वोल्डेमार मामेल या शेतकऱ्याने पुन्हा मसूर लावायला घेतली, ती परक्या वाणाची. जुनं आल्बचं बी काही मिळेना. ते सापडलं २००६ मध्ये, आणि कुठे? रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाण्यांच्या संग्रहात! तिथून मूठभर बी आणलं, वर्षानुवर्षं वाढवलं, आणि आज ती ‘आल्ब-लाइझा’ म्हणून विकली जाते. लाइझा म्हणजे श्वाबिशमध्ये मसूर. किंमत अर्थातच तुर्की काकांच्या डाळीच्या कैक पट.

मसूर आणि श्पेट्झले, म्हणजे घरच्या शेवया म्हणा किंवा चकोल्या म्हणा, हे इथलं अगदी घरगुती जेवण. वर सॉसेज, पण ते बाजूला ठेवता येतं. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा टेबलावर व्हिनेगरची बाटली होती. मसुरीवर व्हिनेगर ओतून खायची पद्धत! मी रात्री आईला सांगितलं. ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, ‘‘म्हणजे आंबट आमटीत चकोल्या. मग तू तिकडे जाऊन नवीन काय खाल्लंस गं?’’

परवाच्या शनिवारी मी आजींकडे शेपूच्या चार जुड्या मागितल्या. त्या थबकल्या. इथे डिल वापरतात ते चिमटीने, काकडीच्या सॅलडमध्ये किंवा माशावर. ‘‘एवढ्या डिलचं करतेस काय?’’ त्यांनी विचारलं. मी सांगायला लागले. की ही आमच्याकडे भाजी असते, चव म्हणून नाही, सगळीच्या सगळी. आधी मुगाची डाळ भिजवायची. लसूण भरपूर. लसणीचा रंग बदलला की शेपू घालायचा, झाकायचं नाही, नाहीतर काळा पडतो. लहानपणी मला हा वास सहन व्हायचा नाही, आई डब्यात द्यायची आणि मी मैत्रिणीच्या डब्यात सरकवायचे, तिला पण नको असायचा... मध्येच मी मागे वळून बघितलं. रांगेत पाच-सहा माणसं होती. मी किती वेळ बोलत होते, कोण जाणे. एक बाई पिशवी खाली ठेवून नीट ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, ‘‘लसूण किती पाकळ्या?’’

आर्टिकल्स सगळी चुकली असणार. सगळ्याला ‘दे’!

काल, पुढच्या शनिवारी, गेले तर आजी वाटच बघत होत्या. त्यांनी भाजी करून बघितली होती. मुगाची डाळ मिळाली नाही म्हणून आल्बची मसूर घातली. नवऱ्याने दोनदा घेतली म्हणे. ‘‘पण एक सांगू?’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुझ्या भाजीत काहीतरी कमी होतं. मी वरून व्हिनेगर घातलं.’’

शेपूत व्हिनेगर! आईला हे कसं सांगायचं, याचा विचार करत मी पैसे मोजत होते. तेवढ्यात आजींनी आणखी एक जुडी उचलली, तराजूकडे न बघताच माझ्या पिशवीत टाकली आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.